पाठ झाडायची राहिली

कापसाच्या जिनात कामाले जानाऱ्या आमा बायाइची एक रीत होती. सांजीले सुट्टी झाली का कोनी सरळ घरी पळत नसे. फाटकापाशी लिंबाखाली दोघी-दोघी उभ्या राहायच्या अन् एकमेकीच्या पाठी झाडायच्या. दिवसभर सरकी काढाच्या रेच्यापाशी कापूस टाकून टाकून रुईचा बारीक केर आंगावर बसते. डोक्यात, कानात, लुगड्याच्या निऱ्याइत, कुठी नाई? पुढचं आपलं आपन झाडता येते, पन पाठ कोन झाडन? म्हून जिची तिची जोडी ठरेल. घरी गेल्यावर चुलीपाशीच बसाचं असते ना बाईले, अन् रुईले इस्तो लागाले काय वेळ लागते! माही जोडी म्हंजे माही भावजय, मैना.

त्या दिवशी मी तिची पाठ झाडली नाई.

हे पयलेच सांगून टाकते. मंग सांगाले माहं तोंड होनार नाई, अन् मी खोटं बोलीन. लय दिवस बोलली बी.

मी गंगू. लगनानंतर दोन वर्सात नवरा गेला, पोटी लेकरू नाई, तं भावाच्या घरी येऊन राहिली. भाऊ डोमाजी जिनातच रुईच्या गठानी उचले. मुका मानूस, दिवसभरात दहा शब्द बोलला तं लय झालं. अन् त्याची ही मैना, तिचं तोंड कधी बंद नाई. पंचविशीची, गोरी, ठसठशीत, हसली का साऱ्या मोहल्ल्याले ऐकू जाय. त्याइची लेक शालू, अडीच वर्साची. घर दोन खोल्याइचं, अकोटापासून कोसभर असलेल्या गावात, आमच्या मोहल्ल्याच्या टोकाले.

आमच्यात अबोला कावून झाला, तं सांगते. छप्पनसाली आमी बुद्धाचे झालो. साऱ्या मोहल्ल्यानं घरातले देव नाल्यात नेऊन सोडले. मी बी सोडले. पन एक मरीमायचा टाक मी जवारीच्या कोठीत दडवून ठेवला होता. नवऱ्याच्या दुखन्यात त्याच्यापुढंच नाक घासलं होतं मी. वाचला तं नाईच तो, तरी बी टाक टाकवला नाई. दोन वर्स कोनाले पत्ता नाई. त्या दिवशी सकाळी मैनीनं कोठीत हात घातला अन् टाक हातात घेऊन बाहीर आंगनात आली. शेजारची इंदूबाई भांडे घासत होती, तिच्यापुढं मैना मले म्हने, "आक्का, इहारात जाऊन पंचशील म्हन्ता, अन् कोठीत हे काय व्हय?"

मी म्हनलं, "आन इकडं."

"नाई आनत. डोळे आंधळे झाले काय तुमचे? यानं तुमचा मानूस वाचवला काय?"

अशी बोलली अन् तरातरा जाऊन नाल्यात फेकून आली. इंदूबाई दात काढून राहिली होती. माह्या अंगाची लाही लाही झाली. नवऱ्याचं नाव काढलं तिनं, भरल्या आंगनात! मी ठरवलं, आता हिच्याशी जल्मात बोलत नाई.

दिवसभर जिनात शेजारी शेजारी बसलो, पन शब्द नाई. सांजीले लिंबाखाली आलो. मैना माह्याकडं पाठ करून उभी राहिली, रोजच्यासारखी. पदर डोक्यावरून काढला, मान खाली घातली. साऱ्या पाठीवर पांढरं. केसात पांढरं. मी पाह्यलं. मी पाह्यलं नाई असं नाई म्हनत मी. पाह्यलं, माहा पदर खोसला, अन् तशीच घराकडं चालली गेली. मांगून बायाइच्या झाडन्याचा फटफट आवाज येत होता. दुसरीले सांगून तिनं झाडून घेतलं असन, असं मी मनाले म्हनलं.

घरी आली. शालूले मांडीवर घेऊन मी आंगनात बसली. मैना आत चुलीपाशी. पऱ्हाट्या वल्या होत्या, फुंकनीनं फुंकून राहिली होती, मले खोकल्याचा आवाज येत होता. मंग एकदम भक्कन आवाज झाला. किंकाळी नाई, पयले निस्ता तो आवाज. मले वाटलं चिमनी उलटली. अन् दारातून जे बाहीर आलं, ते मैना होय हे मले समजलंच नाई. उजव्या खांद्यापासून डोक्यापर्यंत सारा जाळ. अन् ती पळून राहिली होती, आंगनातल्या आंगनात, गोल गोल.

मी उठली नाई. लोक म्हन्तात गंगूबाईच्या मांडीवर लेकरू होतं म्हून उठली नाई. तसं नाई बाप्पा. मले उठताच आलं नाई. पायच नव्हते मले. शालूचं तोंड बी मी फिरवलं नाई, ती टकमका पाह्यत होती. इंदूबाईच्या मानसानं घोंगडं घेऊन उडी मारली अन् मैनीले खाली पाडून दाबलं. किती वेळ गेला? एखादी भाकर भाजाले लागते तेवढा बी नसन. तेवढ्यात तिची उजवी बाजू गेली. कान गेला, मान, गाल, खांदा, हात बोटाइपर्यंत.

बैलबंडीत टाकून अकोटाले नेलं. तिथल्या डाक्टरनं मलम-पट्टी केली अन् म्हने, अकोल्याले न्या, आत्ताच्या आत्ता. मोटर कुठची त्या वेळी! रुईच्या गठानी घेऊन एक ट्रक अकोल्याले चालला होता, त्याच्यात डायव्हरच्या शेजारी डोमाजीनं तिले धरून नेलं. मांगं सारी रुई भरेल. ट्रक दिसेनासा होईपर्यंत मी अकोटाच्या रस्त्यावर उभी होती.

दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यात एकच बोलनं. इंदूबाईनं साऱ्याइले सांगितलं, "सकाळी मरीमाय नाल्यात फेकली अन् सांजीले पेटली! आता बोला!" जुन्या मानसाइनं माना हालवल्या. तरने पोट्टे चिडले, म्हने असं काई नसते. माह्याकडं आले, "गंगूबाई, तुमी तिथीच होत्या, काय झालं?"

मी काय बोलली? काईच नाई. देवीवर चाललं होतं, चालू देल्लं. माही पाठ वाचत होती ना त्याच्यात.

मैना पाच महिने दवाखान्यात होती. डोमाजीनं काम सोडलं अन् तिथीच वऱ्हांड्यात पडून राहिला. मी घरी, शालूपाशी. महिन्यातून दोन खेपा एसटीनं जाऊन येत जाय, शालूले इंदूबाईपाशी ठेवून. पयल्या खेपेले मी खाटेजवळून तशीच पुढं चालली गेली. वळखलंच नाई. डोमाजीनं हाका मारून वापस बोलावलं. निळ्या औषधानं माखेल, डोक्यावर केस नाई, अन् दोन डोळे माह्याकडं पाह्यत होते. ती रडत बी नव्हती. "शालू जेवते काय?" एवढं इचारलं. मी "हाव" म्हनलं अन् बाहीर येऊन भिताडाले टेकून उलटी केली.

तिथी एक आया होती, खातूनबी. साठीची असन, बारकी, कमरेत वाकेल. अकोल्याचीच. तिनं मैनीले जगवलं म्हना. मैना मान छातीवर टाकून पडे, तशी पडली का दुखत नसे. खातूनबी येऊन उशी ओढून घे. "गर्दन उपर, बेटी. आज आराम करेगी तो गर्दन छाती को चिपक जायेगी, फिर जिंदगीभर जमीन देखते रह." अन् दोन्ही हातानं मान मांगं नेई. मैना अशी वरडे का बाकीच्या खाटाइवरच्या बाया कानावर हात ठेवत. डोमाजी उठून जाय. खातूनबी सोडत नसे. तिनं डोमाजीले बी शिकवलं, हात कसा तानाचा, बोटं कशी मोकळी कराची. "मैं रोज नई रहूंगी तेरे घर. तू सीख."

एक दिवस मी तिथी असतानाच खातूनबीनं कापसाचा एक पुडा आनला अन् मैनीच्या खाटेवर ठेवला. पट्टी बांधाच्या वेळी लागतात तसे बोळे कराचे होते. पांढरा कापूस पाह्यला अन् मैना खाटेवरून खालीच पडली. पडली अन् सरपटत कोपऱ्यात गेली. "नेऊन टाका! ते नेऊन टाका!"  जिनात आठ वर्स काम केलेली बाई, कापसाले भेत होती. खातूनबीनं पुडा उचलला नाई. तिच्याशेजारी फरशीवर बसली अन् आपली आपन एक एक बोळा करत राहिली, तिच्या मोहल्ल्यातल्या भांडनाच्या गोष्टी सांगत. दोन घंटे. नंतरच्या खेपेले गेली तं मैना डाव्या हातानं बोळे करत होती. त्याच्या नंतरच्या खेपेले उजव्या. बोटं चिकटली होती, दोनच हालत होती, तरी बी. दातात लुगड्याचा पदर धरला होता तिनं, अन् डोळ्यातून पानी.

मी घरी काय करून राहिली होती? शालूले सांभाळून राहिली होती. न्हाऊ घाले, भरवे, कुशीत घेऊन झोपे. पयले आठ दिवस ती मायसाठी रडली. मंग कमी झालं. मंग एक दिवस ती मले "माय" म्हनली. मी "आक्का म्हन" असं सांगाले पायजे होतं. नाई सांगितलं. मले लय बरं वाटलं, खोटं कावून बोलू? चाळीस वर्साच्या जल्मात मले कोनी तसं म्हनलं नव्हतं.

जेठात मैना घरी आली. मी भितीवरचा आरसा काढून बाजेखाली सारला होता. काई उपेग नाई झाला. मैना बंडीतून उतरली, पदर तोंडावर. आंगनात शालू खेळत होती. मैना तिच्यापुढं बसली अन् पदर काढला. हात पुढं केला. "ये वं, शालू."

शालू अशी वरडली, अशी वरडली! तिचं तोंड निळं पडलं. पळत येऊन माह्या लुगड्यात शिरली अन् "माय, माय" करून मले चिकटली. मोहल्ल्यातल्या साऱ्या बाया पाह्याले जमल्या होत्या.  मैनीचा हात तसाच पुढं राहिला, मंग तिनं तो हळूच खाली घेतला अन् पदर ओढून मांगच्या खोलीत गेली.

अन् मंग बाहीर आलीच नाई. मांगच्या खोलीत तुराट्या, जुनी पोती, तिथीच तिनं वाकळ टाकली. अंधारात उठून बाहीर जाऊन येई, दिवस निघाच्या आत आत. भाकर मी दाराशी ठेवत जाय. बोलन्याले खंड नसलेली ती बाई, आता भिताडासारखी गप. डोमाजी वावरातल्या कामाले जाऊ लागला होता. पहाटे उठून तिच्या खोलीत जाय, खातूनबीनं शिकवलं तशी तिची मान मांगं ओढे, हात वर करे. मी फटीतून पाह्यलं एकदा. माहा भाऊ डोळे मिटून होता. घट्ट. बायकोले हात लावून राहिला होता अन् डोळे मिटून होता. हे तिले दिसत नसन काय?

दोन महिने असे गेले. पाप सांगते आता, मोठं पाप.

मोहल्ल्यातल्या बायाइनं लेकराइले मैनीचं भेव दाखवाले सुरू केलं होतं. "गप बस, नाई तं डोमाजीच्या घरची येईन." मले ऐकू येई, मी भांडत बी जाय. इंदूबाईच्या झिंज्या धरल्या एकदा त्याच्यावरून. अन् एक दिवस सांजीले, वावरात निंदून निंदून माही कंबर मोडली होती, शालू भाकर थुकून राहिली होती. एक घास नाई घेत. पयले गोडीनं सांगितलं, मंग चापट मारली, मंग माह्या तोंडातून निघून गेलं.

"जेव मुकाट्यानं! नाई तं त्या खोलीतला हाऊ येईन अन् तुले घेऊन जाईन."

शालूनं घास गिळला. खोलीच्या दाराकडं पाह्यत पाह्यत दुसरा बी गिळला.

मांगच्या खोलीत पोती सरकल्याचा आवाज आला.  दार उघडलं अन् मैना बाहीर आली. पदर तोंडावर नाई. डोक्यावर बी नाई. उजेडात मी तिले त्या दिवशीच धड पाह्यलं. गालाची कातडी ओढून ओठ एका बाजूले गेला होता, दात दिसत होते. कानाच्या जागी निस्तं भोक. ती सरळ आली अन् शालूच्या ताटलीपासून पाच हातावर खाली बसली.

"आली मी," म्हने. "वाढा मले बी."

शालू किंचाळली, तिथीच लघवी केली तिनं. मी उचलाले गेली.

"उचलू नका," मैना म्हने.

"अवं, लेकरू मरन भेवानं! जाय ना आत!"

"भेव तुमी घातलं, आक्का. काढाचं माह्याकडं लागलं. वाढा."

मी वाढलं. भाकर अन् कढी. मैना डाव्या हातानं भाकर मोडून खात होती. ओठ बंद होत नव्हता तं कढी हनुवटीवरून वघळे, ती पुसे अन् परत खाई. शालू रडून रडून थकली अन् भिताडाले चिकटून हुंदके देत पाह्यत राहिली. मैना साऱ्या वेळात तिच्याकडं एकदा बी पाह्यली नाई. जेवली, ताटली घासली, अन् त्याच बाहीरच्या खोलीत बसून राहिली. आत गेलीच नाई.

दुसऱ्या दिवशी पहाटे मले तिचा आवाज ऐकू आला. डोमाजीले म्हनत होती, "डोळे उघडा."

तो डोळे मिटूनच तिची मान वढत राहिला.

"उघडा म्हनलं ना. नाई तं हात लावू नका. मी आपली करीन भितीले टेकून."

तवा माहा भाऊ रडला. मोठा मानूस, लेकरावानी हमसून हमसून रडला. तिनं रडू देल्लं अन् मंग म्हने, "झालं? आता मान वढा. उशीर होऊन राहिला."

त्या दिवसापासून ती रोज उजेडात राहू लागली. पानी आनाले गेली. हिरीवर बाया बाजूले सरकल्या, एकीनं पोटुशी सून घराकडं पिटाळली. मैना बादली भरून आली. घरी येऊन दाराआड उभी राहून धापा टाकत होती, बादलीचं पानी हलून राहिलं होतं. पन दुसऱ्या दिवशी परत गेली. खातूनबीनं शिकवलेलं बी सोडलं नाई. माह्या उशीतला कापूस काढून ती रोज दुपारी बोळे करे, ते सारे परत उकले, परत करे. तीन बोटं हालाले लागली.

एक दिवस भाकरी करता करता ती मले म्हने, "इंदूबाई सांगते, मरीमायनं जाळलं मले. तुमाले काय वाटते, आक्का?"

मी पीठ मळून राहिली होती. माहा हात थांबला. आता नाई तं कधीच नाई, असं वाटलं.

"देवी नाई," मी म्हनलं. "मी. मी तुही पाठ झाडली नाई."

"मले मालूम हाये."

"काय मालूम हाये?"

"मी तिथीच उभी होती ना. तुमी गेल्या. मी बी दुसरीले म्हनलं नाई झाडून दे. मले बी आकड आली होती. म्हनलं राहू दे, बोलली मी बी सकाळी वंगाळ." तिनं भाकर उलटली, डाव्या हातानं. "तुमी सांगता का नाई, हे पाह्यत होती मी आठ महिने."

मी तिच्या पायावर डोकं ठेवाले वाकली, तिनं पाय मांगं घेतले.

"ते नोको. मले माहं लेकरू द्या."

"घे ना वं! मी कुठी धरून ठेवलं?"

"धरलंच हाये. ती माह्यापुढं रडली का तुमी उचलता. तुमाले माय म्हन्ते अन् तुमी वो देता. आजपासून उचलू नका. वो देऊ नका."

मी "हाव" म्हनलं. म्हनाले सोपं होतं. लेकरू हात वर करून "माय, माय" करे अन् मी तोंड फिरवून जवारी निवडत बसे.  रात नाई, दिस नाई, मले त्या घरात कोंडल्यासारखं झालं. मैना रोज एक बोटभर जवळ बसे जेवाले. शालू वरडनं थांबली, मंग रडनं थांबली. मैना भाकरीचा तुकडा जमिनीवर ठेवून मांगं सरके, तवा ती उचलून घेई. पन हातातून नाई. जवळ नाई. दिवाळी गेली, तरी मैनीनं तिले हात म्हून लावला नव्हता. मैनीले कोनत्या नावानं हाक मारावं, हे बी पोट्टीनं ठरवलं नव्हतं. "ते" म्हने.

कापूस निघाला, जिन सुरू झाली. मैना म्हने, मी कामाले जाते. डोमाजी म्हने, राहू दे. मी म्हनलं, रुईत? तुले? ती जाऊन मुकादमाले भेटून आली. वामनराव मुकादम पानी पेत होता, तांब्या तसाच राहिला त्याच्या हातात. तो म्हने, "बाया भेतीन ना, मैनाबाई. पोटुशा हायेत दोघी-तिघी."

मैना म्हने, "माहं लेकरू बी भेते. सहा महिने झाले, तरी मी घर सोडलं नाई. जिन कावून सोडू?"

वामनरावनं तिले सरकी उचलाचं काम देल्लं. घरी येऊन तिनं हे सांगितलं तवा तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला होता. पन त्या दिवशी ती जेवली नाई. रुईचं भेव गेलं नव्हतंच तिचं.

पयल्या दिवशी सकाळी तिनं भाकर बांधली. लुगडं नीट नेसली, डोक्यावरून पदर घेतला, तोंड उघडं. मी यंदा जिनात जानार नव्हती, शालूसाठी घरीच राहनार होती. दारात मी शालूले कडेवर घेऊन उभी. मैना जाता जाता थांबली, शालूकडं पाह्यलं अन् रस्त्याले लागली. पुढं आठ-दहा बाया चालल्या होत्या.

ती इंदूबाईच्या घरापर्यंत गेली असन, तं शालूनं भोकाड पसरलं. तेच, पयल्या दिवशीसारखं, तोंड निळं होईपर्यंत. मैनीनं ऐकलं. मांगं पाह्यलं नाई तिनं. पदर ओढून तोंड झाकलं अन् झपाझप चालू लागली. सहा महिन्यात लेकराच्या रडन्याचा एकच अर्थ होता आमच्या घरात. मले बी तोच वाटला. मी म्हनलं, "गेली, गेली ती. गप." अन् आत वळली.

वळली तं शालू माह्या खांद्यावरून मांगं लटकली. दोन्ही हात रस्त्याकडं. मी तिले सावरून घेतलं तं तिनं माह्या दंडाले चावलं, रगत निघालं. "माय," म्हने. मी म्हनलं, "हाये ना मी." तिनं माह्या तोंडावर हात मारला. "तू नोको! ते! ते गेली!"

मी उंबऱ्यात उभी होती. सांगते खरं, मनात आलं माह्या. दार लावून घ्यावं. गुळाचा खडा द्यावा तोंडात. दुपारपर्यंत इसरली असती पोट्टी, अन् सांजीले मैनीले कोनी काई सांगितलं नसतं. ती जल्मभर हेच समजली असती का लेकरू तिले पाहून रडते. कोनाले कळलं असतं? कोनालेच नाई. शालू माही राहिली असती.

मंग मी पळाली. चाळिशीची बाई, डोक्यावर पदर नाई, कडेवर लेकरू वरडून राहिलं, अन् मी रस्त्यानं पळून राहिली. "मैने! अवं मैने, थांब!"

तिनं आनखी पाय उचलले. मांगं न पाह्यताच वरडली, "आक्का, तिले आत न्या! दाखवू नका मले! मी जाऊनच राहिली ना!"

"अवं थांब, बाप्पा! तुह्यासाठी रडून राहिली ती!"

पुढच्या बाया थांबल्या. मैना बी थांबली. पदर तोंडावर तसाच.

"काय म्हनलं?"

"तुह्यासाठी रडते. तू चालली म्हून रडते."

"मले पाहून नाई?"

"नाई वं."

"खरं सांगा, आक्का. तुमी आतापर्यंत मले लय खोटं..."  मी शालूले खाली सोडलं. पोट्टी धडपडत गेली अन् तिच्या निऱ्या धरून वर चढाले लागली, रडतच, नाक वाहून राहिलं, "नोको जाऊ, नोको जाऊ" करत. मैनीले हातच उचलेना. एका हातात भाकरीचं गठुडं, दुसरा हात आखडेल, अन् ती माह्याकडं पाह्यत होती, जसं मी तिले काई करून दाखवलं असन अन् तिले समजत नसन.

"आता मी काय करू?" ती मले म्हने.

"बस खाली," मी म्हनलं.

ती तिथीच रस्त्याच्या धुळीत बसली. गठुडं सुटून भाकर सांडली. शालू तिच्या मांडीत शिरली. बाया थोडा वेळ उभ्या राहिल्या, मंग उशीर होते म्हून पुढं निंगून गेल्या. जिनात मैनीचा पयल्याच दिवशी खाडा पडला.